उलट्या अक्षरांचं वर्ष

मित्रांनो, मला नुसतं भिंतीला टेकवून ठेवू नका. मी आपोआप गुंडाळतो. जुनी खोड आहे, आता कुठली सुटायला? मला खिळ्याला टांगावं लागतं आणि खालची दांडी कुणीतरी धरावी लागते. मी गुंडाळफळा. जाड कापड, त्यावर काळा रंग, वर एक दांडी, खाली एक दांडी, वरच्या दांडीला सुतळी. एवढाच मी. पस्तीस वर्षं झाली. रंग जागोजागी उडालाय. मधोमध एक भेग आहे, तिथं खडू अडकतो. खरं सांगतो, दमलोय. पण यंदाच्या वर्षाची गोष्ट सांगितल्याशिवाय पडून राहवेना.

जन्म सोलापूरचा. शाळेच्या सामानाच्या दुकानामागं एक माणूस कापडाला काळा रंग फासून दोरीवर वाळत घालायचा. तिथून मला शरणप्पानं उचललं. तो तेव्हा मास्तर व्हायचं शिकत होता. मला बगलेत मारायचा आणि एसटीनं गावोगावच्या शाळेत सराव पाठ घ्यायला जायचा. सराव पाठ म्हणजे मास्तर होण्याआधी खऱ्या वर्गावर शिकवून दाखवायचं. समोर चाळीस पोरं. मागच्या बाकावर त्याचे सर वही घेऊन बसलेले. पाठ संपला की सर लाल शाईनं शेरा द्यायचे.

शरणप्पाच्या पहिल्याच पाठाला ‘साधारण’ आलं. खाली लिहिलं होतं, ‘फळ्याकडं तोंड करून बोलतो. पोरांकडं बघावं.’ त्यानं तो कागद माझ्यासोबतच गुंडाळून टाकला. रागानं असेल, लाजेनं असेल. पण पुढच्या पाठाला तो पोरांकडं बघून बोलला, हे मी पाहिलंय.

मग तो नोकरीला लागला. शाळेत सिमेंटचा मोठा फळा होता. माझं काम संपलं. मी माळ्यावर गेलो, चाळणी आणि फुटक्या घागरीच्या शेजारी. किती वर्षं, मोजली नाहीत. उंदरानं एक कोपरा खाल्ला तेवढं आठवतं.

गेल्या जुलैत शरणप्पाच्या लेकीनं मला खाली काढलं. तिचं नाव महेश्वरी. लग्न होऊन उमरग्यात दिलेली. नवरा महांतेश हैदराबादच्या लाईनीवर ट्रक चालवतो, महिन्यातून आठ दिवस घरी. पोरगी पदवी घेतलेली, आणि आता तिनं शिक्षिका व्हायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला होता. सगळा ऑनलाइन. कॉलेज नाही, वर्ग नाही, मोबाईलवरच सगळं. सामानाच्या यादीत होतं, ‘फळा आवश्यक’. म्हणून माझी आठवण झाली.

मला उलगडलं आणि तो जुना कागद खाली पडला. महेश्वरीनं वाचला आणि खो खो हसली.

“आप्पा, तुम्हाला साधारण?”

शरणप्पा म्हणाला, “दे इकडं. आन् कुणाला सांगू नको.”

हसणं तेवढंच. मित्रांनो, त्यानंतर वर्षभर मी तिला मोकळं हसताना फार पाहिलं नाही.

उमरग्याच्या घरात तिचे सासरे गुंडाप्पा. महामार्गाला त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी मला पाहिलं, बोटानं माझा रंग खरवडला आणि म्हणाले, “एक वरीस बघू. पहिलं वरीस पास झालीस तर दुसरं कर, माझी ना न्हाय. न्हाय झालीस तर हे फळा-बिळा माळ्यावर, आन् परत नाव काढायचं न्हाय. बोल.”

“व्हय मामा,” महेश्वरी म्हणाली.

म्हणजे तिचं ठरलं आणि माझंही ठरलं. पास झाली तर खिळा. नाही तर पुन्हा माळा.

घरात रेंज नव्हती. स्लॅबवर होती, तीही टाकीच्या एका कोपऱ्यातच. मग रोज दुपारी दोन ते चार आम्ही स्लॅबवर. टाकीच्या भिंतीला खिळा, खिळ्याला मी, समोर पत्र्याच्या डब्याला टेकवलेला मोबाईल. सासू शांताक्का तेवढे दोन तास घरातलं सगळं बघायची. भांडी, गिऱ्हाईक आलं तर चहा, सगळं. महेश्वरी तिला अत्ती म्हणते, कानडीत सासूला तेच म्हणतात. शांताक्काचं माहेर पलीकडं कर्नाटकात. शाळा तिसरीपर्यंत, तीही कानडी. मराठी बोलते फाडफाड, वाचता मात्र येत नाही.

पहिले सहा महिने नुसतं ऐकायचं होतं. मोबाईलात चौकोन चौकोन. बहुतेक सगळे काळे, त्यात नावं पांढऱ्या अक्षरात. माझ्यासारखेच वाटायचे मला ते, छोटे छोटे फळे. पण त्यांच्यावर कुणी काही लिहीत नव्हतं. वर सूचना यायची, ‘माईक बंद ठेवा.’ महेश्वरीनं एकदा माईक चालू करून प्रश्न विचारला होता. तिच्या बोलण्यात कानडी हेल आहे. कुणीतरी हसलं. नुसतं हं: असं. तिनं माईक बंद केला, तो परत प्रश्नासाठी कधी उघडलाच नाही.

डिसेंबरात सांगितलं, जानेवारीपासून दहा सराव पाठ. विषय मराठी, पहिलीचा वर्ग. गटात दहा जण. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. मार्गदर्शक शिवप्रसाद सर बघणार आणि शेरा देणार. दहाही पाठ मंजूर झाले तरच पहिलं वर्ष पास.

महेश्वरीनं तालीम म्हणून माझ्यावर ‘कमळ’ लिहिलं. लई दिवसांनी खडू लागला अंगाला. मग तिनं मोबाईलात बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“अत्ती, हे सगळं उलटं दिसायलंय!”

खरंच. मोबाईलात मी दिसत होतो आणि माझ्यावरचं ‘कमळ’ आरशात दिसावं तसं उलटं. म ची उभी रेघ भलतीकडं, क चं पोट भलतीकडं.

आता इथं कुणाला तरी विचारायचं होतं. विचारलं असतं तर एका मिनिटात काम होतं. पण ते हं: तिच्या कानात बसलं होतं. ती टाकीला टेकून विचार करत बसली. तेवढ्यात खाली महामार्गावरून दवाखान्याची गाडी गेली, ओरडत. तिच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या बाजूला, नाव उलटं लिहिलेलं असतं ना? पुढच्या ड्रायव्हरला आरशात सुलटं दिसावं म्हणून.

महेश्वरी उठून उभी राहिली. “अत्ती, कळलं! उलटं लिवायचं. म्हंजे त्यांना सुलटं दिसतंय.”

“मला काय विचारतीस माय? मला मराठी उलटं काय आन् सुलटं काय.”

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मलाही तिचं पटलं. मी तर कापड. मला जेवढं मोबाईलात दिसलं तेवढंच माझं ज्ञान.

मग महिनाभर ती उलटं लिहायला शिकली. सोपं नाही ते. उजवीकडून सुरू करायचं, डावीकडं सरकत जायचं. वेलांटी दुसऱ्या अंगाला. रोज साठ-सत्तर वेळा लिहायची, पुसायची, लिहायची. माझा रंग त्या महिन्यात गेला तेवढा पस्तीस वर्षांत गेला नाही. तिच्या बोटाला भेगा पडल्या. खांदा धरून बसायची, पुन्हा उठायची.

एकदा गुंडाप्पा टाकी बघायला वर आले आणि थबकले.

“हे काय, उर्दू लिवायलीस का काय?”

“मामा, इथं मोबाईलात बघा.”

गुंडाप्पांनी डोळे बारीक करून मोबाईलात बघितलं. तिथं झकास सुलटं ‘कमळ’.

“आँ? खरंच की!” ते म्हणाले. खाली जाऊन गिऱ्हाइकाला सांगितलं म्हणे, आमची सून दोन्ही बाजूनं लिवती.

जानेवारीत पहिला पाठ झाला. महेश्वरीच्या मानेवर घामाची धार होती. पाठ संपला. ग्रुपवर शेरा आला, ‘पाठ क्र. १, उत्तम.’ मग अंगठे. ‘छान पाठ, मॅडम.’ ‘खूप छान.’ सात अंगठे मोजले तिनं.

दुसरा, उत्तम. तिसरा, उत्तम.

मार्चात ऊन चढलं. स्लॅब तापायचा. शांताक्कानं कुरडया वाळत घातलेल्या असायच्या, त्यांच्या मधून वाट काढत आम्ही खिळ्यापर्यंत. वारा आला की मी फडाफडा उडायचो, पाठ चालू असतानाच गुंडाळायचो. मग शांताक्का भांडी सोडून वर यायची, डोक्यावर पदर घेऊन माझी खालची दांडी धरून खाली बसायची. मोबाईलात दिसू नये म्हणून वाकून. तासभर. तिचे गुडघे बोलायचे, ती बोलायची नाही.

आठ पाठ झाले. आठही उत्तम.

आणि एप्रिलच्या मध्याला नववा. ‘बस’ हा शब्द शिकवायचा होता. महेश्वरीनं उजवीकडून सुरुवात केली. मोबाईलातून आवाज आला. कुणाचा तरी माईक चुकून चालू राहिला होता.

“समृद्धे, ही बाई उलटं तर लिवत न्हाय का गं?”

“आई, हळू! माईक...”

“अगं पण बघ की. एसटीवर बी बस लिवलेलं असतंय, ते एकीकडं तोंड करून, हिचं दुसरीकडं. इतके दिस म्या म्हणलं एसटीवाल्यालाच लिवाया येत न्हाय!”

महेश्वरीचा हात माझ्यावरच थांबला. अर्धा स तसाच राहिला.

समृद्धी गटातलीच, येरमाळ्याची. ती बोलली, “मॅडम, एक मिनिट. तुमची अक्षरं... उलटी दिसायलीत हो आम्हाला.”

“उलटी? मला सुलटी दिसतात. बघूनच लिवते मी.”

“तुमचा मोबाईल फक्त तुम्हालाच आरशासारखं दाखवतोय. आम्हाला जसंय तसं दिसतंय. म्हणजे तुम्ही आधीपासून...?”

“आठ पाठ झाले की माझे,” महेश्वरी म्हणाली. आवाज एकदम बारीक. “तुम्ही बघितलं न्हाय का?”

सगळे चौकोन काळेच. मग समृद्धीच म्हणाली, “खरं सांगू का? मी कॅमेरा बंद करून भाकरी करत असते. मोबाईल आईसमोर ठेवते. तीच बघत बसती.”

तेवढ्यात कुणीतरी अंगठा पाठवला. ‘छान पाठ, मॅडम.’

मित्रांनो, मी वाऱ्यानं पुष्कळदा गुंडाळलोय. त्या दिवशी वारा नव्हता. शांताक्काच्या हातातून दांडी सुटली.

समृद्धीनं कळवलं असेल, थोड्या वेळानं शिवप्रसाद सरांचा फोन आला. महेश्वरीनं तो स्पीकरवर घेतला, तिच्या हातांना खडू होता.

“मॅडम, मी काय सांगू आता,” सर म्हणाले. “एकशे चाळीस जण आहेत माझ्याकडं. दिवसभर कॉलेज. तुमचे पाठ चालू असतात तेव्हा मी पेपर तपासत असतो. हजेरी बघतो, उत्तम टाकतो. खोटं कशाला बोलू.”

“मग आता सर?”

“आता काय? शेरे तर टाकलेत. कुणी विचारणार नाही. राहिलेले दोन सरळ लिहा, तेही मंजूर करतो. पास व्हाल. महिनाअखेर यादी बंद होतेय, उगं कशाला हैराण होता?”

फोन ठेवला. महेश्वरी कुरडयांच्या शेजारी खाली बसली, तापलेल्या स्लॅबवर. शांताक्कानं विचारलं, “पास व्हतीस म्हणला न्हवं?”

“व्हय.”

“मग झालं की माय. पास व्हायचंच होतं न्हवं?”

“व्हय अत्ती. झालं.”

ती खरोखर तसंच ठरवून खाली गेली, हे मी ऐकलंय. तिला नावं ठेवू नका. चार महिने उलटं लिहून बघा मग कळेल. मला तिनं तसंच खिळ्यावर सोडलं, अर्ध्या ‘स’ सकट.

दुसऱ्या दिवशी समृद्धीनं एक फोटो पाठवला. तिच्या आईच्या वहीचं पान. तिची आई धुरपदाबाई, येडेश्वरीच्या देवळापाशी नारळ-ओटीचं दुकान लावते. शाळा माहीत नाही. लेकीचा मोबाईल समोर असायचा म्हणून बघून बघून गिरवायला लागली होती. पानभर ‘कमळ’, पानभर ‘नळ’. नीट, घोटून घोटून. आणि सगळं उलटं.

खाली तिचा आवाज होता. महेश्वरीनं तो स्लॅबवर येऊन ऐकला.

“मास्तरीणबाई, म्या धुरपदा. आता समजलं उलटं झालंय. मग आता सुलटं कवा शिकवताव? म्या सोमवार सोडून कवाबी बसते. सोमवारी बाजार आसतोय.”

राग नव्हता त्यात. काही नव्हतं. नुसतं कवा शिकवताव.

महेश्वरीनं ते तीनदा ऐकलं. मग माझ्यावरचा अर्धा ‘स’ पुसला आणि सरांना फोन लावला.

“सर, दहाही पाठ परत घेते.”

“अहो मॅडम! बारा दिवस राहिलेत.”

“घेते. पण तुम्ही कॅमेरा चालू ठेवून बघायचं. पेपर तपासायचे न्हाईत.”

सर म्हणाले, “मग शेरे खरे द्यावे लागतील. नापासही होऊ शकता. विचार करा.”

“केला.”

गुंडाप्पांना जेवताना सांगितलं. ते घास धरून म्हणाले, “हातातलं सोडून पळत्याच्या मागं? तुझी मर्जी. बोली तीच हाय बरं का. न्हाय झालीस तर माळा.”

आणि मग एक नवीनच वांधा झाला, मित्रांनो. तिच्या हाताला सुलटं येईना! चार महिन्यांची सवय. ‘कमळ’ म्हणलं की हात उजवीकडं जायचा. लिहायची, थांबायची, पुसायची. पहिला पाठ नव्यानं झाला तेव्हा तीन वेळा चुकली. मोबाईलात दोन चौकोन उघडे होते. एकात सर, हनुवटीला हात लावून. दुसऱ्यात धुरपदाबाई, नाकावर चष्मा, हातात पेन.

“मास्तरीण, हळू लिवा. माझं अजून ‘म’वर हाय.”

“बरं मावशी. थांबते.”

“आन् तुमी मोबाईलाकडं नगा बघू. तिथं बघितलं की चुकताव. माझ्याकडं बघा.”

शिवप्रसाद सर पहिल्यांदाच हसले. “बरोबर सांगतात त्या. तुम्हाला तुमचं चित्रच दिसायला नको. त्याच्यावर कागद चिकटवा.”

महेश्वरीनं तिच्या चौकोनावर कॅलेंडरचा तुकडा चिकटवला. मी दिसायचो बंद झालो. बरंच झालं, माझं काय बघायचं?

शेरा आला, ‘पुन्हा घ्या.’

पुन्हा घेतला. बारा दिवसांत एकूण तेरा पाठ. कधी सकाळी सहाला, सरांच्या कॉलेजआधी. कधी भर दुपारी. शांताक्का दांडी धरून तेरा वेळा बसली. मधली भेग वाढली, एकदा टर्रकन आवाजही आला. महेश्वरीनं मागून सुईदोऱ्यानं टाके घातले. टाके टोचतात अजून.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल मोबाईलवर आला. महेश्वरीनं झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याची छापील प्रत आणली. वाचायला गुंडाप्पा स्लॅबवर आले, खाली गिऱ्हाइकांची गर्दी होती.

“सराव पाठ, दहा मंजूर. शेरा, साधारण.” त्यांनी कागद खाली केला. “साधारण? आधी तर उत्तम होतं की गं. बारा दिवस उन्हात तापून उत्तमचं साधारण केलंस?”

“मामा, ते न बघता दिलं होतं. हे बघून दिलंय.”

गुंडाप्पांनी कागद पुन्हा वर धरला. खाली सरांनी लिहिलं होतं, ते त्यांनी हळूहळू मोठ्यानं वाचलं. “‘हात अजून अडखळतो. विद्यार्थ्याकडे बघून शिकवतात. दुसऱ्या वर्षाला जावे.’”

“आमच्या आप्पांना बी पहिल्यांदा साधारणच होतं,” महेश्वरी म्हणाली. “त्यांना तर ‘पोरांकडं बघावं’ बी लिवलं होतं.”

“म्हंजे तू बापाच्या एक पाऊल पुढं,” शांताक्का म्हणाली.

गुंडाप्पांनी कागदाची घडी घातली. खाली गेले. मला वाटलं, संपलं. चाळणी, फुटकी घागर. परत आले तेव्हा हातात हातोडी होती आणि टायरच्या ट्यूबची एक लांब पट्टी. त्यांनी माझ्या खालच्या दोन्ही टोकांशी टाकीच्या भिंतीत दोन खिळे ठोकले आणि पट्टीनं माझी दांडी ताणून बांधली.

“आता वारा येऊ दे न्हायतर वादळ,” ते म्हणाले. मग शांताक्काकडं न बघता, “तुझे गुडघे गेले दांडी धरून धरून. सांगायचं न्हाय का?”

परवा धुरपदाबाईचा आवाज आला मोबाईलवर. मागं घंटीचा आणि एसटीचा गोंगाट. “मास्तरीणबाई, आत्ताच एक गाडी गेली. पाटी वाचली. उमरगा लिवलं होतं. एसटीवाल्याला लिवाया येतंय बरं का!”

मित्रांनो, आता जूनपासून दुसरं वर्ष. मला धास्ती आहे, लपवत नाही. माझे टाके किती दिवस टिकतील माहीत नाही. मला ओल्या फडक्यानं पुसू नका, रंग निघतो. कोरडं फडकं वापरा. आणि समोर कुणी काही लिहीत असेल, फळ्यावर, वहीत, मोबाईलात, कुठंही, तर जरा थांबून बघा. उलटं दिसलं तर सांगा. अंगठा काय, कधीही पाठवता येतो.